ओलाव्याची सूट

संध्याकाळी कबड्डीचे सामने लागले की रोह्याच्या आमच्या घरात रिमोट कुणाकडे असावा यावर चर्चा होत नाही, तो माझ्याकडे असतो. नात सई मुकाट शेजारी येऊन बसते, कारण तिला खेळापेक्षा माझी बडबड ऐकायची असते. मीही तिला निराश करत नाही. एखादा गाजलेला चढाईपटू मांडीवर थापा मारत जातो, हवेत हात फिरवतो आणि कुणाला न शिवता परत येतो, तेव्हा मी म्हणते, मांडी लाल, गुण शून्य. नाक्यावर पोस्टर मात्र त्याचंच, घराएवढं. नियमांवरही माझा राग आहे. झटापट सुरू झाली की मैदान दोन्ही अंगांनी रुंद होतं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? पाहुणा आला म्हणून घराची भिंत कधी सरकते का? क्रिकेटमध्ये पाऊस पडला की गणिताचा मास्तर येऊन निकाल लावतो, आणि फुटबॉलमध्ये पोराचं नाक पुढं होतं म्हणून झालेला गोल परत घेतात. सई हसून हसून लोळते. पण वजनी गटाचा विषय निघाला की मी गप्प होते. ‘‘आजी, तो नियम तर चांगला आहे, बारीक मुलांनाही खेळायला मिळतं,’’ असं ती परवा म्हणाली. तिचं बरोबर होतं. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि थोडा वेळ नुसती धावणारी माणसं बघत बसले. आवाज नसला की ती माणसं मला आमच्या खाडीकाठची वाटू लागतात.

आमचं गाव पेणहून खाडीकडं उतरलं की लागायचं. अजूनही लागतं, पण मी म्हणते ते गाव आता फक्त माझ्याकडं उरलं आहे. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि मधून जाणारा मातीचा बांध. उन्हाळ्यात दुपारी त्या बांधावर उभं राहिलं की सगळं पांढरं दिसायचं, इतकं की डोळे मिटले तरी पापणीच्या आत ते पांढरं तसंच राहायचं. लांबवर वाफ्यांत मीठ ओढणारी माणसं जमिनीला पाय न लावता चालल्यासारखी वाटत. धरमतरच्या बाजूनं बार्जचा भोंगा यायचा आणि बराच वेळ पाण्यावर रेंगाळायचा. वारा सुटला की ओठांवर खारट पूड बसायची, आणि आम्ही मुली बोलता बोलता ओठ चाटत राहायचो. आमच्या दारापुढं खाटेवर आईचे पोह्याचे पापड वाळत असायचे. पेणातल्या एका बाईंसाठी ती लाटायची. तिच्या लाटण्याची टकटक, मागं चुलीवर रटरटणारी पेज, शेजारून येणारा सुकट भाजल्याचा वास, आणि पापडांवर कोंबडी येऊ नये म्हणून हातात काठी घेऊन पेंगत बसलेली मी. त्या घरातला एकही दिवस मला तारखेनं आठवत नाही. दुपार आठवते, आणि ती सगळी मिळून एकच लांबलचक दुपार असल्यासारखी आठवते.

त्या दुपारच्या शेवटी, उन्हं कलली की, मिठाच्या राशी उचलून मोकळ्या झालेल्या जागेत पोरं कबड्डी खेळायची. खारवट माती, वर मिठाचे बारीक खडे. त्यावर उघड्या पायांनी खेळायचं. माझा थोरला भाऊ दत्तू डावा कोपरा खेळायचा. ज्यांना कबड्डी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कोपऱ्यातल्या माणसाचं काम एवढंच की समोरच्या संघाचा पोरगा चढाई करत आला की वाकून उभं राहायचं, त्याचा पाय नेमका जवळ येईपर्यंत वाट बघायची आणि मग तो घोटा असा धरायचा की सुटता कामा नये. दादाची वाट बघण्याची ताकद मी पुन्हा कुणात बघितली नाही. बगळा उथळ पाण्यात उभा राहतो तसा तो राहायचा. पण बगळ्याला कोण टाळ्या वाजवतो? टाळ्या असायच्या मोहनला. मोहन आमच्या शेजारचा, संघाचा चढाईपटू. केसांना तेल, कपाळावर एक बट. चढाईला निघण्याआधी तो मातीला नमस्कार करायचा, मग आभाळाला, मग जिकडं बायका बसलेल्या असत तिकडं. जाऊन दोन गुण आणायचा, हे मी नाकारत नाही. पण त्याच सामन्यात दादानं सहा जणांना लोळवलेलं असायचं, आणि घरी परतताना सगळ्या वाटेवर चर्चा मोहनच्या दोन गुणांची. गावानं त्याला वाघ म्हणायला सुरुवात केली होती. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते आणि माझं मत आज आहे तेच होतं, फक्त ते कुणी विचारत नव्हतं.

मग बातमी आली की रोह्याला पंचावन्न किलोच्या आतल्यांचे सामने आहेत, आणि धाटावच्या एका कंपनीचे साहेब बघायला येणार आहेत. कंपनी संघ उभा करत होती. निवडलेल्या पोराला संघात जागा आणि कामावर घेणार. हे ऐकल्यावर आईनं लाटणं बाजूला ठेवलं. दादाच्या पायांना मिठानं भेगा पडल्या होत्या, त्यात रोज खारं पाणी जायचं. संध्याकाळी तो पाय खोबरेल तेलात कापूस बुडवून शेकत बसायचा आणि चेहऱ्यावर काही दाखवायचा नाही. ‘‘कंपनीत बूट देतात म्हनं,’’ आई म्हणाली. ‘‘माझ्या पोराच्या पायात बूट आला ना, मग मला काय नको.’’ ती नोकरीचं म्हणत होती, पण तिला दिसत होते ते बूट. मलाही तेच दिसू लागले. काळे, वर नाड्यांचे बूट घालून दादा बांधावरून येतोय आणि त्याच्या मागं मातीत बुटांचे ठसे उमटताहेत, असं मी उघड्या डोळ्यांनी बघत बसायचे.

अडचण वजनाची होती. बाकीची पोरं काटकुळी, त्यांना काळजी नव्हती, पण दादा हाडानं रुंद. पंधरा-सोळा दिवस त्यानं भाकरी सोडली. सकाळी पेजेचं नुसतं पाणी, दुपारी काकडी, संध्याकाळी एक उकडलेलं अंडं. घरात आम्ही जेवायला बसलो की तो उठून बांधावर जायचा. आईनं त्या दिवसांत वालाचं बिरडं केलं नाही, कारण त्याचा वास बांधापर्यंत जायचा. ती आम्हाला आमटी-भाताशिवाय काही वाढेना. ‘‘तो उपाशी आन् आपन मिटक्या मारायच्या व्हय?’’ असं म्हणायची आणि स्वतः ताटावरून अर्धीच उठायची. दादाचे गाल आत गेले, डोळे मोठे दिसू लागले, आणि माझ्याशी बोलता बोलता तो मध्येच थांबून दूर कुठंतरी बघत राहायचा. मला तो त्या दिवसांत फार सुंदर दिसायचा, हे लिहिताना आता माझंच मला वाईट वाटतं.

वजन करायचं काम बाबांकडं होतं. बाबा मिठागरावर मापाडी होते. लोखंडी पाटाचा मोठा काटा, त्याला आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारा ठोकळा. त्यावर गोणी चढवायची, बाबा ठोकळा सरकवायचे आणि आकडा ओरडायचे, झाडाखाली बसलेले कारकून तो लिहून घ्यायचे. ताजं मीठ पाणी धरून असतं, म्हणून दर गोणीमागं दोन किलो ओलाव्याची सूट द्यायची ही तिथली रीत. काट्यावर बावन्न आलं की बाबा ‘‘पन्नास!’’ असं ओरडायचे. दिवसभर, वर्षानुवर्षं. त्यांच्या आवाजाला एक चाल लागली होती, आणि भर दुपारी ती चाल वाऱ्याबरोबर आमच्या दारापर्यंत यायची: पन्नास, एकूनपन्नास, साडेपन्नास. त्या चालीवर मी कितीतरी वेळा झोपी गेले असेन. गोण्यांचं काम आटोपलं की दादा त्या पाटावर उभा राहायचा, हलू नये म्हणून समोर खाडीकडं बघत. बाबा ठोकळा सरकवायचे आणि आकडा ओरडायचे, तसाच, जणू कारकून अजून झाडाखाली बसलेत. सत्तावन्न. साडेपंचावन्न. मग सामन्याच्या आदल्या दिवशी, ‘‘साडेत्रेपन्न!’’

मी धावत घरी आले आणि आईला सांगितलं. आईनं हिशेब केला की पोराला किलोभर तरी खायला जागा आहे. त्या संध्याकाळी आमच्या घरात पंधरा दिवसांनी बिरडं शिजलं. तांदळाच्या भाकऱ्या, बिरडं, कांदा घालून परतलेला जवळा आणि चुलीवर भाजलेला पापड. दादा पहिला घास तोंडात घालून डोळे मिटून बसला. आई त्याच्या समोर बसून नुसती बघत होती, आणि बाबा म्हणत होते, ‘‘हळू खा रे, कुनी पळवीत नाय.’’ तो भाकरी मोडायचा तो आवाजसुद्धा मला ऐकू येतो. आम्ही सगळे उगाचच हसत होतो. इतकं सुखाचं जेवण आमच्या घरात त्याआधी झालं असेल तर मला आठवत नाही, आणि नंतर झालं नाही हे मात्र नक्की आठवतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं रोह्याला गेलो. संघ, बाबा आणि हट्ट करून निघालेली मी. मैदानाच्या कडेला मांडव, मांडवात दुकानातून आणलेला काटा आणि पांढऱ्या कपड्यांतले पंच. आमची पोरं एकामागून एक पाटावरून उतरली. दादा चढला. पंचांनी ठोकळा सरकवला, पुन्हा मागं घेतला, पुन्हा सरकवला. ‘‘छप्पन आनि वर दोनशे ग्रॅम,’’ ते म्हणाले. बाबा हसले. ‘‘काटा तपासा साहेब,’’ म्हणाले, ‘‘काल मी साडेत्रेपन्न केलाय.’’ पंच भले होते, त्यांनी बाबांनाच तपासू दिलं. बाबांनी वीस किलोचं माप चढवलं, काटा वीस. दोन मापं चढवली, काटा चाळीस. मग ते दांडीवर हात ठेवून उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यांचे ओठ हलले, आवाज न करता, जणू ते कालचा आकडा पुन्हा ओरडून बघत होते. ‘‘दत्तू,’’ ते अगदी हळू म्हणाले, ‘‘मी ओलावा कापला रे. गोनी समजून कापला.’’

दादानं त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं तो आता ओरडेल. पण तो म्हणाला, ‘‘किती टाइम हाय?’’ पंचांनी दोन तास दिले. कुणाचीतरी घोंगडी मागून दादानं ती अंगाभोवती गुंडाळली आणि कुंडलिकेच्या काठानं धावायला सुरुवात केली. त्याच्या मागं बाबा. बाबांना धावताना मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. धोतराचा सोगा हातात धरून, तोंड उघडं टाकून, ते पोराच्या मागून धावत होते, आणि त्यांनी धावून दादाचं वजन कसं कमी होणार हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. नदीचं पाणी संथ होतं, पलीकडं कुणी कपडे धूत होतं आणि धोपटण्याचा आवाज थोडा उशिरा इकडं यायचा. ते दोघं लहान लहान होत वळणाआड गेले, परत आले, पुन्हा गेले. उन्हात घोंगडीतला तो काळा आकार आणि मागचा पांढरा आकार, एवढंच दिसत होतं. मी काठावर बसून मनात आकडे उलटे मोजत होते, जणू माझ्या मोजण्यानं ते खाली येणार होते. मध्येच दादा रस्त्यापलीकडच्या न्हाव्याकडं गेला आणि डोक्याचा तुळतुळीत गोटा करून बाहेर आला. केसांचं असं काय वजन असतं? पण आम्ही सगळ्यांनी त्या केसांवर आशा ठेवली.

दोन तासांनी तो पुन्हा पाटावर चढला. बाबांनी आधी त्याला आपल्या पंच्यानं डोक्यापासून पायापर्यंत पुसलं, लहान मुलाला पुसतात तसं. मांडवाभोवती बघे जमले होते. पंचावन्न आणि वर अडीचशे ग्रॅम. पंचांनी मान हलवली. तेव्हा बाबा पुढं झाले आणि अगदी गंभीरपणे, मिठागरावर बोलायचे त्या खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘साहेब, पोरगा धावून आलाय. वरून पुसला तरी आत ओलावा हाय. आमच्यात दोन किलोची सूट देतात. मी दोन किलो नाय मागत. पावशेराची द्या.’’ क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागून एकजण ओरडला, ‘‘पोराला उन्हात वाळत घाला काका, उद्या घेऊन या!’’ आणि सगळा मांडव हसला. मोहनही हसला, तोंडावर हात धरून. बाबा मात्र हसणाऱ्यांकडं वळून वळून समजावत होते, ‘‘रीत हाय ती, विचारा कुनालापन, खरीच रीत हाय.’’ ते जितकं समजावत होते तितके लोक जास्त हसत होते. पंच म्हणाले, ‘‘काका, मला वाईट वाटतं, पन नियम हाय.’’ मी हळूहळू मागं सरकले आणि पलीकडं बायका बसल्या होत्या त्यांच्यात जाऊन उभी राहिले. तिथून मला दिसलं की दादा पाटावरून उतरला, बाबांच्या खांद्यावर हात टाकून मोठ्यानं म्हणाला, ‘‘चल बाबा. लय झाला. आपन सामना बघू.’’

सामन्याचं काय सांगू? समोरच्या संघानं आमचा धुव्वा उडवला. त्यांच्या चढाईला आलेली पोरं आमच्या डाव्या कोपऱ्यातून आपल्या अंगणातून जावं तशी येत-जात होती. मोहननं मात्र अकरा गुण घेतले, मातीला नमस्कार, आभाळाला नमस्कार. संघ हरला आणि त्याला उत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस मिळालं, आणि कंपनीच्या साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुढं तो धाटावला लागला, त्यानं रोह्यात घर केलं, आणि आता बाजारात भेटला की मला अजून वाकून ‘‘ताई, कशी हायेस’’ विचारतो. भला माणूस आहे. त्याच्या खेळाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. दादा आणखी तीन वर्षं मिठागरावर होता, मग बार्जवर लागला. तिथंही बूट नव्हते. त्यानं त्या दिवसाबद्दल बाबांना कधी एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि बाबांनी त्या दिवसानंतर काट्यावरचा आकडा कधी ओरडून सांगितला नाही. कारकून वैतागायचे, पण बाबा प्रत्येक गोणीला त्यांच्यापर्यंत चालत जायचे, दिसलेला आकडा वेगळा आणि कापलेला वेगळा असे दोन्ही सांगायचे. आमच्या दुपारींतून ती चाल गेली. आई म्हणायची, घर कसं मुकं झालंय.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. दादा पुढच्या सीटवर काचेला गोटा टेकून झोपला होता, आणि खड्डा आला की तो गोटा काचेवर आपटायचा तरी त्याला जाग येत नव्हती. मी बाबांच्या शेजारी बसले होते. बाहेर डोंगर निळे होत चालले होते, शेतांतून धूर सरळ वर जात होता, आणि मला ते सगळं आपल्या बाबतीत घडलेलंच नाही, दुसऱ्या कुणाचंतरी ऐकलेलं आहे, असं वाटत होतं. बाबांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा तळवा मिठानं खरखरीत झालेला होता.

‘‘कमळे,’’ ते म्हणाले, ‘‘मगाशी काट्यापाशी लोकं हसली, तवा तू कुठं होतीस गो? मी बघितला, तू दिसली नायस.’’

‘‘पानी आनाया गेलते,’’ मी म्हणाले.

‘‘बरा केलास,’’ बाबा म्हणाले. ‘‘तुझ्या कानावर नाय पडला ते बरा झाला.’’ आणि त्यांनी माझा हात थोपटला, सुटल्यासारखा श्वास सोडला आणि डोळे मिटून घेतले.

मी पाणी आणायला गेले नव्हते. मी त्या बायकांमध्ये उभी होते, आणि हसता हसता त्यांतल्या एकीनं मला विचारलं होतं, ‘‘कोन गो तो म्हातारा? तुमच्या गावचा काय?’’ आणि मी तिच्याकडं बघून, तिच्यासारखीच हसून, ‘‘मला नाय ठाऊक,’’ असं सांगितलं होतं.